केअरटेकर पुरवायची छोटी सेवा माणुसकीने चालवायची तर काय काय बघावं लागतं

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, औंध, कुठल्याही सोसायटीत जा, एखादं तरी घर असं असतंच जिथे आजी-आजोबा दोघंच किंवा आता एकटी आजीच उरलीये, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत, आणि रोजचं सगळं एका मावशीच्या भरवशावर. त्यामुळे ब्यूरोही भरपूर निघालेत. पण बरेचसे फोनवरच चालतात, मालकाने पेशंटचं घर बघितलेलं नसतं, मावशीला आदल्या रात्री फक्त पत्ता पाठवायचा, कमिशन घ्यायचं, विषय संपला. तुम्हाला असं करायचं नसेल, आठ-दहाच घरं घ्यायची पण नीट सांभाळायची असतील, तर हे तुमच्यासाठी.

आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आजीशी कोणीतरी मायेने वागावं असं वाटत असेल तर आधी त्या मावशीची झोप झालेली पाहिजे, तिचं जेवण झालेलं पाहिजे आणि पगार ठरलेल्या तारखेला हातात पडला पाहिजे. रात्रभर जागलेली, उपाशी बाई सकाळी आजीला अंघोळ घालताना चिडणारच, ती वाईट आहे म्हणून नाही, थकलीये म्हणून. म्हणजे ड्युटी कशी लावता, दर किती ठेवता आणि सुट्टी देता का, इथेच तुमची करुणा दिसते, गोड बोलण्यात नाही.

घर बघितल्याशिवाय माणूस पाठवू नका

फोनवर सून सांगते, "सासूबाई चालत्या-फिरत्या आहेत, फक्त सोबत हवीये." जाऊन बघावं तर आजींना उठवायला दोन माणसं लागतात. खोटं बोलायचं असतं असंच नाही, रोज बघून बघून घरच्यांच्या लक्षातच येत नाही तब्येत किती खालावलीये. म्हणून पहिली भेट स्वतः जाऊन द्या, त्याचे पैसे घेऊ नका, आणि गेल्यावर आधी आजींशी बोला. सोफ्यावर बसून मुलीशी तासभर बोलायचं आणि आजी आतल्या खोलीतून ऐकतायत, हे अजिबात नको. त्यांच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसा आणि विचारा, सकाळी चहा किती वाजता लागतो, साखर किती, रेडिओ लावता का, देवपूजा स्वतः करता का, अंघोळ आधी की नाश्ता आधी, चतुर्थी-एकादशी धरता का. आणि हाक काय मारलेली आवडेल हेही विचारा. रिटायर्ड हेडमास्तरीण बाईंना परक्या बाईने पहिल्याच दिवशी "ए आजी" म्हटलेलं चालत नाही, त्यांना "बाई" म्हटलं की त्या ताठ बसतात आणि औषधही घेतात.

मग बाथरूम बघा, कारण म्हातारी माणसं पडतात ती जास्त करून तिथेच आणि रात्री तिकडे जाताना. टाइल्स घसरड्या आहेत का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का (टॉवेल अडकवायची नळी म्हणजे दांडा नव्हे, ती निघून हातात येते), पलंगाची उंची अशी आहे का की बसल्यावर पाय जमिनीला टेकतात, वाटेत पायपुसणं सरकतंय का, रात्रीचा छोटा दिवा आहे का. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात असाल तर जिना बघा, तो अंधारा आणि खडा असतो, उद्या स्ट्रेचर खाली न्यायची वेळ आली तर कसं नेणार हे आजच ठरवून ठेवा. बाथरूममध्ये दांडा बसवेपर्यंत मी माणूस देत नाही. खर्च जास्त नाही आणि मांडीचं हाड मोडण्यापेक्षा तर काहीच नाही.

औषधांची यादी डॉक्टरांच्या कागदावरूनच उतरवा, घरच्यांच्या तोंडून नाही. जुन्या स्ट्रिप्स, दोन डॉक्टरांची एकच गोळी वेगवेगळ्या नावाने, हे प्रकार फार सापडतात, दिसले की फॅमिली डॉक्टरांना दाखवा, स्वतः काही बंद करू नका.

ड्युटी आणि पैसे

१२ तासांची ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८ किंवा उलटी. २४ तासांची ड्युटी मागणारे खूप असतात कारण स्वस्त पडते, पण विचार करा, जी आजी रात्री चार-पाच वेळा उठते तिच्याकडे एकच बाई दिवसरात्र राहिली तर ती झोपणार कधी. माझा नियम सरळ आहे, पेशंट रात्री शांत झोपत असेल तरच राहती बाई, रात्री उठवणारा असेल तर दोन शिफ्ट. घरचे म्हणतात परवडत नाही, तेव्हा मी त्यांनाच सांगते की रात्रीची शिफ्ट आमची घ्या आणि दिवसा घरातल्या कोणीतरी बघा. काहीजण जातात दुसऱ्या ब्यूरोकडे, जाऊ द्या.

राहत्या बाईला दिवसातले दोन तास तिचे स्वतःचे, ज्यात तिने खाली जाऊन फिरावं, फोनवर लेकराशी बोलावं. झोपायला गादी-पांघरूण, जमिनीवर चादर नाही. आठवड्याला एक सुट्टी आणि त्या दिवशी बदली माणूस तुम्ही द्यायचा, ही जबाबदारी घरच्यांवर ढकलायची नाही.

दराचं उदाहरण घेऊन सांगते, तुमच्या भागातला दर वेगळा असेल. घरच्यांकडून दिवसाला ९०० घेतले आणि मावशीला ७२० दिले तर तुमच्याकडे १८० राहतात, दहा घरांचे महिन्याला ५४,००० होतात. ऐकायला बरे वाटतात, पण यातूनच बदली बाईचा जास्तीचा भत्ता, ग्लोव्हज, फोन, तुमचं पेट्रोल, बुडालेले पैसे, ऑफिसचं भाडं आणि तुमचा पगार निघायचा असतो. म्हणून घर न वाढवता ऑफिस वाढवू नका, सुरुवातीला स्वतःच्या घरातूनच चालवा. आणि मावशीचा वाटा कापून स्वस्त होऊ नका, किमान वेतनाचे दर सरकार वेळोवेळी बदलतं, त्याच्या खाली तर कधीच नाही. घरच्यांना बिल देताना मावशीला किती जातात हे लिहूनच द्या. लपवलं की संशय येतो, मग बाईला बाजूला घेऊन "तुला किती देतात गं" सुरू होतं.

घरच्यांकडून पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घ्या. मावशीचा पगार मात्र ५ तारखेला म्हणजे ५ तारखेलाच, घरच्यांनी दिले असोत नसोत. उशीर झाला तर तुमच्या खिशातून. जूनमध्ये शाळेचे प्रवेश, वह्या-पुस्तकं, त्यामुळे उचल मागतात, अर्ध्या पगारापर्यंत द्या, व्याज नाही, वहीत दोघींच्या सह्या. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवा, मूळ कार्ड कधीही ठेवून घेऊ नका. काही ठिकाणी कागद अडकवून बाईला बांधून ठेवतात, ते काम नाही, ती वेठबिगारी आहे.

प्रत्येक मावशीचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) काढून द्या आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, ते वीस रुपये तुम्हीच भरा. तुमच्या बाजूने दुकानं-आस्थापनांचा कायदा म्हणजे शॉप अॅक्ट (माणसं किती आहेत त्यावर नुसती सूचना द्यायची की नोंदणी करायची हे ठरतं), छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी जी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आणि एक चांगला सीए. प्रत्येकीचं पोलीस व्हेरिफिकेशन करा, आणि तसंच मावशीला कुठल्या घरी पाठवतोय याची चौकशीही करा. ही दुसरी चौकशी जवळपास कोणीच करत नाही.

माणसं निवडताना आणि शिकवताना

जनरल ड्युटी असिस्टंटचा (पेशंटची रोजची देखभाल शिकवणारा) कोर्स केलेल्या मुली मिळाल्या तर उत्तम, पण स्वतःच्या सासूचं, आईचं अंथरुणातलं सगळं केलेली, मराठवाड्यातून आलेली चाळिशीतली बाई कित्येकदा जास्त पक्की निघते. मी निवडताना प्रमाणपत्रापेक्षा एक गोष्ट बघते, तिच्यासमोर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजायला सांगते. जी आधी उशी लावून नीट बसवते, पेला हातात देऊन बघते, जमत नसेल तरच स्वतः धरते आणि गिळेपर्यंत थांबते, ती आपली. जी झोपल्या झोपल्या तोंडात ओतते तिला शिकवावं लागेल.

शिकवायचं काय तर हात लावायच्या आधी सांगणं, "आजी, आता कूस बदलते हं", हे रोज, दर वेळी, आजींना कळत नसेल तरी. अंघोळ घालताना अंगावर पंचा टाकून एकेक भाग उघडून धुवायचा, पाण्याचा गरमपणा स्वतःच्या मनगटावर बघायचा, दार बंद, आणि घरातलं कोणी मध्ये डोकावायला लागलं तर नम्रपणे पण ठामपणे थांबवायचं. कवळी रात्री काढून पाण्यात. जेवताना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास, पोळी आमटीत नाहीतर दुधात कुस्करून. लकव्यानंतर गिळायला त्रास असेल तर पातळ पाणी-चहा छातीत जायची भीती असते, तेव्हा किती दाट द्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच. नाकातली नळी असेल तर फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, कमरेची दोन्ही हाडं, खांद्याची पाती, हे रोज अंघोळीच्या वेळी बघायचं. लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही तर जखम सुरू होतेय, त्याच दिवशी फोन. डायपर ओला राहू देणं हे बेडसोरचं, म्हणजे पडून पडून होणाऱ्या या जखमांचं, मोठं कारण. "एक डायपर दिवसभर पुरवा" असं सांगणारी घरं असतात, त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला, मावशीला मध्ये पाडू नका.

मावशीने काय करायचं नाही हेही तितकंच पक्कं ठेवा. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नाकातली नळी घालणं हे रजिस्टर्ड नर्सचं काम, घरचे कितीही म्हणोत की आधीची बाई करायची.

आणि काही लक्षणं तोंडपाठ हवीत. तोंड वाकडं, एक हात वर होत नाही, बोलणं जड झालं की लगेच अँब्युलन्ससाठी १०८, आणि शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ लिहून ठेवायची, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शुगरच्या पेशंटला घाम, थरथर, गोंधळ झाला आणि शुगर ७० च्या खाली असली, माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. पडल्यावर ओढून उठवायचं नाही, आधी पाय बघायचा, एक आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवायचंच नाही. आणि काल छान बोलणारे आजोबा आज अचानक बरळायला लागले तर "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही, लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती जात जाण्याच्या आजाराचं, वेगळं बोलायला हवं, कारण अशी घरं हमखास येणार. देशपातळीवरच्या लासी या मोठ्या पाहणीतून साठीच्या पुढच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के निघालंय. संध्याकाळी चार-पाचनंतर बेचैनी वाढते, आजी पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल." तेव्हा "तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली" हे कधीच म्हणायचं नाही, त्यांना ते प्रत्येक वेळी नव्यानेच कळतं आणि त्या तितक्याच रडतात. एक मावशी अशा वेळी आजींसमोर परात घेऊन बसायची, "आई काय काय करायची हो, मेथी निवडायला तुम्हाला बसवायची का?" आणि दोघी मिळून मेथी निवडायच्या, पिशवी बाजूला राहायची. पानं देठं एकत्र व्हायची, मावशी नंतर स्वयंपाकघरात गुपचूप परत निवडून घ्यायची. अशी बाई तुमच्याकडे असेल तर तिला नवीन मुलींसोबत चार दिवस पाठवा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

घरच्यांशी

मुलं परदेशात असली की त्यांना अपराधी वाटत असतं आणि ते कधी कधी रागाच्या रूपाने बाहेर येतं, रात्री एक वाजता मेसेज, "आज ममाने फक्त अर्धी पोळी का खाल्ली." चिडू नका. घरात एक वही ठेवा, त्यात बीपी, शुगर, जेवण, पाणी, संडास झाली का, झोप, मूड, आणि संध्याकाळी त्याचा फोटो ग्रुपवर. लिहिता न येणारी मावशी व्हॉइस मेसेज टाकते, तो मुलांना जास्तच आवडतो कारण मागे आईचा आवाज ऐकू येतो. अंघोळीचे, डायपरचे, उघड्या अंगाचे फोटो कुठल्याही ग्रुपवर नाहीत. बेडसोरचा फोटो फक्त डॉक्टरांना. हॉलमध्ये कॅमेरा चालेल पण मावशीला सांगून, ती झोपते-कपडे बदलते तिथे नाही.

पहिल्या फोनवरच काही लोक विचारतात, "बाई आमच्यातली मिळेल ना?" मी जात सांगत नाही, विचारणाऱ्याला स्पष्ट सांगते की काम, अनुभव, व्हेरिफिकेशन हे सगळं सांगेन, हे नाही. वेगळा कप, बाथरूम वापरायला बंदी, खाली बसवणं, शिळं जेवण, हे दिसलं तर एकदा समजावते, दुसऱ्यांदा माणूस काढून घेते. जी बाई तुमच्या आईचं सगळं अंग पुसते तिला तुमच्या कपात चहा चालत नाही हे मला पटूच शकत नाही. करारातच हे लिहा, कप आणि बाथरूम दोन्ही शब्द घालून लिहा.

चोरीचा आळ ही या धंद्यातली सगळ्यात कडू गोष्ट. पहिल्या दिवशीच सांगायचं की सोनं, रोकड, चेकबुक कुलपात, आणि आजींच्या अंगावर जे दागिने राहणार त्याची यादी, सही, फोटो. काही सापडलं नाही तर तुम्ही पोहोचेपर्यंत मावशीची पिशवी कोणी उघडायची नाही. आधी तांदळाचा डबा, देव्हारा, उशीची खोळ, साड्यांच्या घड्या बघा, विसरभोळ्या आजी पाटल्या तिथेच ठेवतात. खरंच गेलं असेल तर पोलिसांत रीतसर तक्रार, बाईला कोंडून दमदाटी नाही.

काही आजोबा बायकांशी घाणेरडं वागतात, आजारामुळे असो वा सवयीने. मावशी बोलली की त्याच दिवशी बदल, तिथे दादा लोक म्हणजे पुरुष केअरटेकर पाठवायचे, तिचा पगार कापायचा नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे प्रत्येकीला कामाला लागतानाच सांगा.

उलटही बघायला लागतं. महिन्यातून एकदा न सांगता घरी जा आणि मावशीला खाली दूध आणायला पाठवून आजींशी दहा मिनिटं एकट्याने बोला. मनगटावर निळे डाग, मावशी आत आली की गप्प होणं, अंगाला वास, हे दिसलं तर ती बाई किती जुनी आहे याचा विचार न करता त्याच दिवशी थांबवा. आणि त्रास घरच्यांकडूनच होत असेल, मारहाण, जेवण न देणं, सह्या घेणं, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा आहे ज्यात ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो. घर हातचं जाईल म्हणून गप्प बसायचं नाही.

कॅलेंडर बघून बदल्या लावा

गौरी-गणपती, दिवाळी, लगीनसराई, गावाकडची निवडणूक, या दिवसांत सगळ्याच गावी जातात आणि त्यांनी जावंही. दीड महिना आधी सगळ्यांना बसवून विचारा कोण गणपतीला जाणार, कोण दिवाळीला, दोन्हीला एकच नाही. सणाला थांबणारीला दुप्पट. अनंत चतुर्दशीला पेठांमधले रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद असतात, पालख्या पुण्यात असताना बस वळवतात, तेव्हा त्या भागातल्या घरी चालत येऊ शकेल अशी मावशी आधीच ठरवून ठेवा, आणि रात्रभर अडकली तर तिच्या जेवणा-झोपण्याचं घरच्यांशी बोलून ठेवा.

पेशंट गेल्यावर

दोन-दोन वर्षं एकाच आजींकडे असलेली मावशी, आणि आजी गेल्या की घरचे म्हणतात "उद्यापासून येऊ नका." तुम्ही त्या घरी जा. मावशीला अंत्यदर्शनाला थांबू द्या, दहाव्याला जायचं असेल तर सुट्टी द्या, त्या महिन्याचा पूर्ण पगार द्या आणि लगेच दुसऱ्या दिवशी नवीन घर देऊ नका. यासाठी मी प्रत्येक घराच्या पैशातून थोडे बाजूला ठेवते, नाहीतर ऐनवेळी इच्छा असून जमत नाही. घरच्यांचा हिशोबही दिवस होईपर्यंत काढू नका, उरलेले आगाऊ पैसे न मागता परत करा. बेड, व्हीलचेअर, उरलेले डायपर कोणाला द्यायचे विचारतात, तर दुसऱ्या गरजू घराचा पत्ता आधीच तयार ठेवा.

किती घरं घ्यायची हे दोन गोष्टींवर ठरवा, तुम्ही स्वतः महिन्यातून एकदा किती घरी जाऊ शकता, आणि पाच मावश्यांमागे एक बदली बाई तुमच्याकडे पगारी आहे का. बदली नसेल तर सहावं घर घेऊ नका. नवीन फोन आला तर खरं सांगा की आत्ता माणूस नाही, नाव लिहून ठेवते, आणि तोपर्यंत त्या घरी बाथरूमचा दांडा बसवून घ्यायला सांगा.